फेड, झोर्की, झेनिट: घरच्या टेबलावर सोव्हिएत कॅमेऱ्यांची दुरुस्ती (बडोदेकरांनी विशेष वाचावे)

पडदानशीन
बडोद्यात जुन्या घरांच्या माळ्यावरून असे कॅमेरे अजून खाली येतात आणि प्रश्नही तेच तेच येतात, म्हणून एकच धागा. इथे मुख्यतः कापडी पडद्याच्या शटरबद्दल लिहितो: फेड, झोर्की आणि झेनिट. तिन्हींचा वंश एकच. फेड १९३४ पासून खार्किवमध्ये बनू लागला, तो जर्मन लायका-२ ची नक्कल होता. झोर्की १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये, आणि झोर्कीतच आरसा बसवून पुढे झेनिट झाला. त्यामुळे एकाचं शटर समजलं की बाकीच्यांचं पाऊण समजतं.

पहिला नियम, कॅमेरा हातात घेण्याआधीचा. फेड आणि झोर्कीत आधी शटर भरायचं (म्हणजे फिल्म पुढे सरकवून स्प्रिंग ताणायची), मग वेगाची चकती फिरवायची. न भरता फिरवली तर चकतीखालची खुंटी चुकीच्या जागी बसते, आणि जोर दिला तर वाकते. एक सेकंदापर्यंतचे मंद वेग असलेल्या झोर्की-४ आणि फेड-३ मध्ये हे आणखी महागात पडतं. जुना बाजार हिंडताना विकणारा "बघा, चालतो" म्हणून चकती गरागरा फिरवत असेल, तर तो कॅमेरा तिथेच ठेवा.

दुसरी गोष्ट मताची आहे, पण ठाम. दहातले आठ दोष सुकलेल्या ग्रीसचे असतात. स्प्रिंगचा ताण हा शेवटचा उपाय. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून लोक आधी ताण वाढवतात, पडदा दोन दिवस चालतो आणि मग पडदा ओढणारी रिबीन तुटते.

रावपुरा_रीळ
धन्यवाद. नेमका दोष सांगतो. झेनिट-ई. १/३० आणि १/६० सेकंदाला फ्रेम नीट. १/२५० ला एक कड किंचित गडद, १/५०० ला तीच कड पूर्ण काळी. थंडीत सकाळी जास्त, दुपारी कमी. ताण वाढवायच्याच बेतात होतो.

पडदानशीन
थांबा. तुमच्या शेवटच्या वाक्यातच निदान आहे. उत्तरायणाच्या थंडीत अडकतो आणि ऊन चढल्यावर सुटतो, म्हणजे ग्रीस घट्ट झालंय. स्प्रिंग थकली असती तर दुपारीही तितकीच थकलेली असती.

या शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक आडवे धावतात आणि त्यांच्यामधली फट फिल्मवरून सरकते. १/५०० ला ही फट जेमतेम काही मिलिमीटरची असते. पहिला पडदा किंचित मंद धावला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि पुढचा भाग काळा राहतो. मंद वेगांना फट रुंद असते, तेव्हा तोच दोष दिसत नाही. म्हणून १/३० वर "चालतो" म्हणण्याला काही अर्थ नसतो.

दोष वाचायची रीत अशी. पडदे जिथून सुटतात ती कड नीट आणि जिथे पोचतात ती काळी असेल, तर पहिला मंद आहे किंवा दुसरा त्याच्या मानाने जोरात आहे. पोचायची कड उजळ येत असेल तर दुसरा मंद. पोचायच्या कडेला अरुंद पांढरी उभी पट्टी येत असेल, तर दुसरा पडदा शेवटी आपटून उसळतोय. हा शेवटचा प्रकार बहुतेक वेळा कोणीतरी आधीच ताण वाढवून ठेवल्याचा पुरावा असतो.

घड्याळकाका
सफाईचं मी सांगतो, त्यात लोक जास्त बिघडवतात.

द्रव: लायटरचं पेट्रोल, म्हणजे नॅफ्था. रॉकेल नको, ते तेलकट थर मागे ठेवतं. गंज सोडवायचे फवारे तर मुळीच नकोत. ते सगळीकडे पसरतात आणि सुकल्यावर चिकटा होतो. खिडकी उघडी, गॅस बंद, जवळ निरांजनसुद्धा नको.

भिंग काढा. तळाचं झाकण काढा. झेनिटमध्ये पडद्याचा एक मुख्य ड्रम असतो आणि चौकटीच्या पलीकडच्या बाजूला दोन बारीक स्प्रिंग-रोलर. त्यांच्या खालच्या टोकांना, जिथे धुरा बैठकीत फिरतो तिथे, इंजेक्शनच्या सुईने एकेक थेंब. कॅमेरा आडवा ठेवा. उलटा धरून थेंब सोडला तर तो जुनं ग्रीस घेऊन प्रिझमकडे आणि दुधी काचेवर उतरतो, आणि तो डाग काढताना निम्मा कॅमेरा उघडावा लागतो. पडद्याच्या कापडावर नॅफ्था सांडू देऊ नका, रबराचा थर फुगतो.

थेंब टाकून दहा-बारा वेळा शटर भरून सोडा. बाहेर आलेलं काळं पाणी कापसाच्या काडीने टिपा. पुन्हा थेंब. काडी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार फेऱ्या होतात. मग एक रात्र सुकू द्या. वरच्या टोकांसाठी वरचं झाकण काढावं लागतं, पण आधी खालचं करून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच भागतं.

तेल, पण नॅफ्था पूर्ण सुकल्यावरच. घड्याळाचं तेल, टाचणीच्या टोकावर जेवढं चिकटेल तेवढं, फक्त धुऱ्याच्या बैठकीत. एका थेंबात दहा जागा व्हायला हव्यात. शिलाई मशीनचं तेल वापरू नका. ते पातळ असतं, पसरतं, आणि मे महिन्याच्या ४२ डिग्रीत तर सरळ पडद्यावर पोचतं.

भिंगरी
डिसमिसबद्दल कोणी बोलेना. (बाहेरच्यांसाठी: बडोद्यात स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात, कुणाला नोकरीवरून काढलेलं नाही.) सोव्हिएत स्क्रू सगळे सरळ खाचेचे आणि बरेचसे मऊ. पातं खाचेत लांबीला आणि जाडीला दोन्हीकडे घट्ट बसलं पाहिजे. बाजारातल्या संचाची पाती पाचरीसारखी निमुळती असतात, ती खाचेतून वर चढून कडा खातात. बारीक ऑइलस्टोनवर घासून दोन्ही बाजू समांतर करून घ्या. १, १.५, २ आणि २.५ मिमी एवढी चार पाती पुरतात.

स्क्रू हलत नसेल तर त्यावर लाखेचं सील असतं. टूथपिकच्या टोकाने ॲसिटोनचा कण लावा, पाच मिनिटं थांबा. ॲसिटोन रंगावर आणि प्लॅस्टिकवर गेलं की खूण कायमची.

चकत्या बारीक सेट-स्क्रूंवर धरलेल्या असतात. ते पूर्ण काढायचे नाहीत, दोन-तीन फेरे सैल केले की चकती निघते. काढण्याआधी फोनवर फोटो आणि पेन्सिलीची खूण, नाहीतर परत बसवताना १/६० म्हणजे नक्की कुठला, हे शोधत बसाल.

आणि हो, टेबलावर पांढरं सुती कापड पसरा. फरशीवर पडलेला १.४ मिमीचा स्क्रू देवही शोधून देत नाही.

रावपुरा_रीळ
सफाईनंतर वेग सुधारले की नाही हे फिल्म न जाळता कसं कळेल?

पडदानशीन
घरात जुना ट्यूबचा टीव्ही आहे का? डबा म्हणून भंगारात देऊ नका, शटर तपासायचं त्याच्याइतकं स्वस्त यंत्र नाही.

आपल्याकडच्या ट्यूबवर चित्र ६२५ रेषांचं, सेकंदाला ५० वेळा निम्म्या-निम्म्या रेषांनी रंगवलं जातं. एक रेषा काढायला ६४ मायक्रोसेकंद लागतात. १/५०० म्हणजे २ मिलिसेकंद, त्यात ३१ रेषा होतात. एका फेरीत दिसणाऱ्या रेषा २८८. म्हणजे १/५०० ला चित्राच्या उंचीच्या साधारण नवव्या भागाएवढी उजळ पट्टी दिसली पाहिजे. २१ इंची टीव्हीवर ती तीन सेंटीमीटरच्या थोडी वर भरते. १/२५० ला दुप्पट, १/१२५ ला चौपट, झोर्की-४ च्या १/१००० ला निम्मी.

कृती: रात्री खोलीत अंधार. टीव्हीवर रिकामं उजळ चॅनेल. कॅमेऱ्याचं भिंग आणि मागचं झाकण काढलेलं. फोन स्टँडवर, मागून फिल्मच्या चौकटीतून टीव्हीकडे बघणारा, एक सेकंदाच्या एक्स्पोजरवर. फोनचं बटण दाबून त्या सेकंदातच शटर सोडा.

पट्टी तिरपी दिसेल, कारण पडदा आडवा धावतो आणि चित्र वरून खाली रंगतं. तिरपेपणाची काळजी नको. उभी जाडी मोजा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तिन्हीकडे सारखी असेल तर पडदे बरोबर धावताहेत. एका टोकाला निमुळती होत मिटत असेल तर तो तुम्ही सांगितलेलाच दोष. पट्टीच्या कडा पुसट येतात, तेवढी चूक धरून चाला. जुन्या शटरला पाव स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे म्हणजे उत्तमच.

१/३० आणि त्याहून मंद वेगांना फोनचा २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो. चौकट किती फ्रेम उघडी दिसली ते मोजा आणि २४० ने भागा.

विश्वामित्री
टीव्हीची युक्ती भारी. पण सफाई करूनही पट्टी निमुळतीच राहिली तर ताण कसा बदलायचा तेही लिहून टाका, नाहीतर लोक व्हिडिओकडेच जाणार.

पडदानशीन
बरं. तळाशी दोन्ही स्प्रिंग-रोलरची खाचेची टोकं दिसतात, आणि शेजारी त्यांना अडकवून ठेवणारे स्क्रू. अडकवणारा स्क्रू सैल करण्याआधी रोलरच्या खाचेत दुसरा डिसमिस घालून घट्ट धरा. न धरता सैल केलात की स्प्रिंग एका झटक्यात पूर्ण उलगडते आणि मूळ ताण किती फेऱ्यांचा होता हे कायमचं हरवतं.

आधी दोन्ही खाचांच्या दिशेची मार्करने खूण. मग पाव फेरा, अडकवा, टीव्हीवर बघा. पुन्हा पाव. एका वेळी एकच रोलर. पहिला पडदा मंद असेल तर त्याचा ताण वाढवण्याआधी दुसऱ्याचा पाव फेरा कमी करून बघा, अनेकदा तेवढं पुरतं आणि रिबिनींवर भार येत नाही. एका फेऱ्याहून जास्त लागत असेल तर सफाई अपुरी आहे, परत मागे जा.

घड्याळकाका
+१. आणि तळाचं झाकण लावून पुन्हा एकदा तपासा. काही झाकणं आतून पिचलेली असतात आणि गियरला घासतात. मग माणूस ताणाला दोष देत बसतो.

सूरसागरकाठ
माझा फेड-२ आहे. फोटोत जागोजाग पांढरे ठिपके, आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. पडद्याला भोकं?

भिंगरी
हो, आणि बहुधा उन्हाने पाडलेली. फेड-झोर्कीत पडद्यापुढे आरसा नसतो. टोपी न लावता, फोकस अनंतावर ठेवून कॅमेरा आकाशाकडे तोंड करून राहिला की भिंग सूर्य थेट कापडावर जाळतं. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तोच खेळ. झेनिटला आरसा आडवा येतो म्हणून हे क्वचितच होतं.

तपासणी: अंधारात, भिंग काढून समोरून टॉर्च, मागून बघा. शटर भरून एकदा आणि सोडून एकदा, कारण भरलेल्या स्थितीत पहिला पडदा दिसतो आणि सोडलेल्या स्थितीत दुसरा.

टाचणीएवढी भोकं असतील तर काळा फॅब्रिक कलर, पाण्याने किंचित पातळ केलेला, ००० ब्रशने अगदी पातळ दोन थर, मध्ये सहा तास. सुकल्यावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून झटका, नाहीतर पडदा गुंडाळला की रंग रंगाला चिकटतो. फेविक्विक नको. ते कडक होतं, कापड त्याच जागी मोडतं, आणि त्याची वाफ भिंगावर पांढरी बसते.

भोक तूरडाळीएवढं असेल किंवा कापडाला भेगांचं जाळं पडलं असेल तर पडदा बदलणंच बरं. रबराचा थर दिलेलं रेशमी कापड मिळतं, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपासच हवी. जाड कापड ड्रमवर गुंडाळताना घेर वाढवतं आणि वेग बिघडवतं. जुना पडदा फेकू नका, तोच तुमचा नमुना. कापताना धाग्याची दिशा काठाला समांतर. चिकटवायला रबरी सोल्युशन, फेविबॉन्डसारखं, पातळ. धातूची पट्टी अर्धा मिलिमीटर तिरकी बसली तरी पडदा चौकटीत अडकतो, म्हणून गुन्या लावूनच चिकटवा. पहिलाच कॅमेरा असेल तर हे काम घेऊ नका, एखाद्या मेलेल्या झेनिटवर हात बसवा.

सूरसागरकाठ
आणि दूरचं फोकस चुकतंय. दोन प्रतिमा जुळल्या तरी फोटो मऊ.

पडदानशीन
दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घोळ करू नका: भिंग फिल्मपासून योग्य अंतरावर आहे का, आणि रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून अंतर सांगणारी यंत्रणा) खरं सांगतो का. क्रम हाच. उलट केलंत तर चुकीच्या भिंगाला चुकीचा रेंजफाइंडर जुळवून ठेवाल.

अंतर: फेड-२ ला माउंटपासून (भिंग बसतं ती कडी) फिल्मपर्यंत २८.८ मिमी. ३९ मिमीच्या माउंटच्या कडीखाली कागदाच्या बारीक चकत्या असतात. आधीच्या कोणी कारागिराने त्या "कचरा" म्हणून काढल्या असतील तर फोकस गेलंच. सुरुवातीच्या फेडमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला त्याचंच भिंग जुळवलेलं असे, त्यावर दुसऱ्याचं भिंग लावून तक्रार करू नका. घरी तपासायला घासलेल्या ॲक्रिलिकचा तुकडा, खरखरीत बाजू भिंगाकडे, फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर. शटर 'बी' वर (बटण दाबलं असेपर्यंत) उघडं, भिंग पूर्ण उघडं, दहापट भिंगातून बघा. अनंतासाठी किलोमीटरभर तरी लांब काहीतरी हवं. गच्चीवरून कीर्तिमंदिराचं शिखर किंवा लक्ष्मी विलासचा मनोरा दिसत असेल तर नशीबवान आहात. मे महिन्यात दुपारी करू नका, तापलेल्या हवेत शिखर नाचतं.

चुकत असेल तर भिंगाकडे बघा. ज्युपिटर-८ आणि इंडस्टार-६१ या भिंगांमध्ये काचेचा गट आणि फोकसच्या आट्यांमध्येही चकती असते, तिची जाडी बदलून जुळवतात.

मग रेंजफाइंडर. उभा फरक असेल तर समोरच्या लहान गोल खिडकीची कडी काढा, आतली पाचरीची काच फिरवली की प्रतिमा वर-खाली होते. आडवा फरक समोरच्या टोपी-स्क्रूमागच्या बारीक स्क्रूने, पाव फेऱ्याहून कमी. आधी अनंत, मग एक मीटर (फिल्मच्या पातळीपासून टेपने मोजून), मग परत अनंत. फेड-२ चा पाया (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर) ६७ मिमी, झोर्की-४ चा ३८, त्यामुळे फेड जास्त नेमकं सांगतो. आतला अर्धपारदर्शक आरसा पुसू नका. फुंकणीने धूळ उडवा, बस. त्याचा मुलामा कापसाच्या एका फटक्यात निघतो आणि मग दुसरी प्रतिमा दिसतच नाही.

विश्वामित्री
बुरशी! पावसाळ्यात आमच्या बाजूला भिंती ओल्या होतात. झेनिटच्या हेलिऑस ४४-२ भिंगाच्या मागच्या काचेवर कोळ्याचं जाळं आहे.

भिंगरी
आधी टॉर्चने बघा. जाळं पुसलं जातं, पण काचेवर कोरलेली खूण राहते, ती जात नाही. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, खिडकीत बसून, कापसाच्या काडीने अर्धा मिनिट. मग डिस्टिल्ड वॉटर, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल, मधून कडेकडे गोल पुसत. दोन काचा चिकटवलेला गट द्रवात बुडवू नका, कडेने आत शिरतं. आणि सेवउसळ खाल्लेल्या हातांनी बसू नका, मंडळी.

फोकसच्या आट्या उघडणार असाल तर सुटतात त्याच क्षणी दोन्ही भागांवर सुईने रेघ ओढा. या आट्यांना सुरुवाती अनेक असतात. चुकीच्या सुरुवातीतून लावल्या तर भिंग बसतं, फिरतंही, पण अनंत गाठत नाही.

ठेवायला हवाबंद डबा, १० लिटरला १०० ग्रॅम सिलिका जेल, आत आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये. चामड्याची मूळ केस भावनेपोटी सांभाळायची तर वेगळ्या खोलीत सांभाळा, बुरशीचं माहेर तेच.

रावपुरा_रीळ
झेनिटचा प्रकाश मोजायचा मीटर मेलाय, सेल कुठे घालतात?

घड्याळकाका
सेल नाहीच. वरची खडबडीत खिडकी सेलेनियमची आहे, प्रकाशावर चालते. उन्हात मल्टिमीटर लावून विद्युतप्रवाह येतो का बघा. येत असेल तर जोडणी गंजलेली आहे, सोल्डर करा. येत नसेल तर फोनचं मीटर वापरा. चकतीवरचा गोस्ट (फिल्मच्या वेगाचं सोव्हिएत माप) आकडा आयएसओपेक्षा थोडा कमी असतो, गोस्ट ९० म्हणजे आयएसओ १००. फरक किरकोळ.

सूरसागरकाठ
'लायका' लिहिलेला सोनेरी कॅमेरा कुणी दाखवलाय. खरा?

भिंगरी
भिंग काढून आत बघा. रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला फिरती चाकी असेल तर बोला, निमुळती भरीव जीभ असेल तर तो फेड किंवा झोर्की. वर लिहिलेल्या सगळ्या कृती त्यालाही लागू.

विश्वामित्री
रशियन कॅमेऱ्यांमध्ये कीव्ह-४ चं कोणीच काही लिहिलं नाही.

पडदानशीन
कीव्ह कॅमेरा कीव्ह शहरातलाच, फेड खार्किवचा, दोन्ही शहरं युक्रेनमधली, म्हणून रशियन नको, 'सोव्हिएत' म्हणा. कीव्ह-४ हा जर्मन कॉन्टॅक्सचा वंश, पडदा पितळी पट्ट्यांचा आणि उभा धावणारा, रेशमी रिबिनींवर. रिबीन तुटली तर पूर्ण शटर सोडवावं लागतं. त्याला वेगळा धागा. नवशिक्यांनी ल्युबिटेल किंवा स्मेना-८एम घ्यावा. पानांचं शटर (भिंगातच उघडमिट होणारी पाती), पात्यांवर नॅफ्था, तेल शून्य. ल्युबिटेलमध्ये वरचं आणि खालचं भिंग दातांनी जोडलेलं असतं, सोडवलं तर दोन्हींचं अनंत वेगवेगळं जुळवून मगच दात अडकवा.

रावपुरा_रीळ
फक्त खालच्या बाजूची सफाई, ताणाला हात नाही. २१ इंची टीव्हीवर १/५०० ची पट्टी: सुटायच्या कडेला ३.४ सेमी, मध्ये ३.१, पोचायच्या कडेला २.४. आधी शून्य होती. वरचं झाकण काढू?

घड्याळकाका
काढा. रिवाइंडच्या गुंडीचा आतला काटा डिसमिसने अडवून वरची गुंडी उलट फिरवा. मीटरच्या तारा झाकणाला जोडलेल्या असतात, झटक्यात उचलू नका.